गुडघ्यातला खड्डा, लॅबमधली कूर्चा आणि कॉम्प्युटरचं काम: आधी पायाचा कोन, मग पेशी

प्रश्न: माझा भाऊ ३४ वर्षांचा आहे, वजन ७० किलो. दिंडोरीजवळ द्राक्षबाग सांभाळतो. दोन वर्षांपूर्वी मोटारसायकल घसरून उजवा गुडघा आपटला. एमआरआयमध्ये मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूच्या गोलाईवर २.२ × १.८ सेंमीचा कूर्चेचा खड्डा आहे, ग्रेड ४, म्हणजे थेट हाडापर्यंत. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत पाय ६ अंश बाहेरच्या बाजूला बाकलेला दिसतो. नाशिकमध्ये डॉक्टरांनी ‘कॉम्प्युटरच्या मदतीने लॅबमध्ये वाढवलेली कूर्चा बसवू’ असं सुचवलं आहे. हे टिकतं का? नेमकं काय करतात? की सरळ सांधाच बदलून घ्यावा?

उत्तर: सांधाबदलाचा विचार आत्ता बाजूला ठेवा. बाकी गुडघा धड असताना एका खड्ड्यासाठी चौतिसाव्या वर्षी अख्खा सांधा कापून काढायचा नसतो. कृत्रिम सांध्यालाही आयुष्य असतं आणि बागेत राबणाऱ्या माणसाकडून ते लवकर संपतं. सुचवलेला मार्ग तुमच्या भावाला लागू पडण्यासारखा आहे. मात्र तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा खड्ड्याचा नाही, तो ६ अंशांचा आहे. पाय तसाच बाकलेला ठेवून कितीही चांगल्या पेशी बसवल्या, तरी पावलागणिक भार त्यांच्यावरच येत राहील आणि त्या टिकणार नाहीत.

‘कॉम्प्युटरच्या मदतीने कूर्चा’ या एका नावाखाली तीन वेगवेगळी कामं येतात: भावाच्याच पेशी काढून प्रयोगशाळेत वाढवणं, पायाचा कोन हाड कापून सरळ करणं, आणि या दोन्हींचं मोजमाप कॉम्प्युटरने करणं. पेशी कॉम्प्युटर बसवत नाही. त्या सर्जनच्या हातानेच बसतात.

आधी एक गोंधळ दूर करतो. आपल्याकडे गुडघ्याची ‘गादी’ म्हणताना दोन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द वापरतात. एक मेनिस्कस, म्हणजे दोन हाडांच्या मधली चंद्रकोरीसारखी चकती. दुसरी कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकाला चिकटलेला गुळगुळीत, पांढरट थर. रिपोर्टमध्ये कोणती गादी खराब आहे ते नीट वाचा, कारण दोन्हींचे उपचार अगदी निराळे आहेत. गुडघ्यात कूर्चेचा थर साधारण २ ते ४ मिमी जाड असतो, वाटीच्या मागे त्याहून जाड. त्यात सत्तर-ऐंशी टक्के पाणी, बाकी मुख्यतः टाइप २ कोलॅजेन आणि पाणी धरून ठेवणारे प्रोटिओग्लायकन. पेशी फार विरळ आणि रक्तवाहिनी एकही नाही. त्वचा कापली तर रक्तातून दुरुस्तीचा माल येतो, इथे तो रस्ताच नाही. विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने १७४३ मध्येच लिहून ठेवलंय की कूर्चा एकदा गेली की भरून येत नाही. हाडाला बारीक भोकं पाडून रक्त आणलं, ज्याला मायक्रोफ्रॅक्चर म्हणतात, तर खड्डा भरतो खरा, पण बराचसा तंतुमय ऊतीने. लहान खड्ड्यात ती काही वर्षं काम देते, मोठ्यात लवकर उखडते.

म्हणून आकार महत्त्वाचा. २.२ गुणिले १.८ म्हणजे जवळपास ४ चौरस सेंमी असं वाटतं, पण खड्डा चौकोनी नसतो. अंडाकृती धरला तर ३.१ चौरस सेंमी भरतो. एमआरआय खड्डा लहान दाखवतो, हे मात्र नेहमी लक्षात ठेवा. कडेची सैल, पोखरलेली कूर्चा फोटोत शाबूत दिसते. दुर्बिणीतून बारीक हुकाने दाबली की सालीसारखी सुटते. ती खरवडून काढल्यावर खड्डा दीडपट झाला तर नवल नाही. म्हणजे हिशोब ४.५ ते ५ चौरस सेंमीचा धरून चाला. २ चौरस सेंमीच्या आतल्या खड्ड्याला मायक्रोफ्रॅक्चर किंवा स्वतःच्याच गुडघ्यातून हाडासकट कूर्चेचे गोल तुकडे काढून बसवणं चालतं. त्यावर गेलं की वाढवलेल्या पेशींचा विचार सुरू होतो. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या २०१७ च्या शिफारशीतही हीच सीमा आहे: २ चौरस सेंमीहून मोठा खड्डा, सांध्यात झीज जवळजवळ नाही आणि आधी कूर्चादुरुस्तीची शस्त्रक्रिया झालेली नाही. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. ‘आधी मायक्रोफ्रॅक्चर करून बघू, नाही जमलं तर पेशी आहेतच’ हा सल्ला तुमच्या भावाच्या आकाराच्या खड्ड्याला देऊ नये. भोकं पाडलेलं हाड पुढे कडक, फुगीर होतं आणि त्यावर नंतर बसवलेल्या पेशींचं अपयश वाढतं.

पेशी बसवण्याआधी आणखी चार गोष्टी पाहिल्याशिवाय होकार देऊ नका. समोरच्या, म्हणजे नडगीच्या हाडाच्या कूर्चेवरही बरोबर त्याच जागी घाव आहे का? दोन्ही बाजूंनी घासणारी जागा असेल तर निकाल बराच पडतो. मेनिस्कस शाबूत आहे का? एसीएल लिगामेंट, म्हणजे नडगीला पुढे सरकू न देणारा गुडघ्यातला दोर, घट्ट आहे का? मोटारसायकलवरून पडलेल्यात ते बऱ्याचदा तुटलेलं असतं आणि लक्षात आलेलं नसतं. चौथी गोष्ट तंबाखू. मळून खाल्लेली असो की ओढलेली, कापलेलं हाड जुळायला ती मोठा अडथळा करते. निदान सहा आठवडे आधी बंद, आणि हाड जुळेपर्यंत बंदच.

आता कोनाकडे येतो. स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये १९८७ साली पहिल्यांदा माणसाच्या गुडघ्यात त्याच्याच वाढवलेल्या कूर्चापेशी बसवल्या गेल्या. ब्रिटबर्ग, पीटरसन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये पहिल्या २३ रुग्णांचा निकाल छापला. मांडीच्या हाडाच्या गोलाईवर पेशी बसवलेल्या १६ पैकी १४ जणांना चांगला किंवा उत्तम फायदा झाला. वाटीच्या मागे बसवलेल्या ७ पैकी मात्र फक्त दोघांना. पेशी त्याच, लॅब तीच, हात तेच. फरक भाराचा होता: वाटी आपल्या खोबणीतून सरळ सरकत नसेल तर नवी कूर्चा एका कडेला सतत घासली जाते. पुढे त्याच गटाने वाटीची चाल आधी दुरुस्त करायला सुरुवात केली आणि निकाल सुधारले. या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने १६ पैकी १४ आणि ७ पैकी २ हे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. त्यांच्याच २२४ रुग्णांना १० ते २० वर्षांनी विचारलं तेव्हा ९२ टक्के लोकांनी समाधानी असल्याचं सांगितलं. ती प्रश्नावली होती, तुलनेला दुसरा गट नव्हता, हे धरूनही आकडा बोलका आहे. मायक्रोफ्रॅक्चरशी थेट तुलना करणाऱ्या १४४ रुग्णांच्या चाचणीतही, जिथे खड्डे ३ चौरस सेंमी किंवा मोठे होते, दोन वर्षांनी वेदना आणि हालचाल दोन्हींत पेशींच्या गटाची सरशी झाली. तेव्हा ‘टिकतं का’ याचं उत्तर होय, पण भार योग्य जागी असेल तर.

भावाचा पाय ६ अंश बाहेर बाकलेला आहे म्हणजे शरीराचा भार खुब्यापासून घोट्याकडे जाताना गुडघ्याच्या आतल्या कप्प्यातून जातो, आणि खड्डा नेमका तिथेच आहे. यावर उपाय म्हणजे नडगीच्या हाडाला गुडघ्याच्या खाली आतल्या बाजूने काप देऊन पाचरीसारखी फट उघडायची आणि प्लेटने धरून ठेवायची. याला हाय टिबियल ऑस्टिओटॉमी म्हणतात. फट किती मिलिमीटर उघडायची हा साधा त्रिकोणाचा हिशोब आहे. हाडाची रुंदी कापाच्या रेषेवर ७२ मिमी आणि कोन ७ अंश बदलायचा, म्हणजे ६ अंशांचा बाक काढून १ अंश पलीकडे, तर ७२ गुणिले ०.१२३, म्हणजे ८.८ मिमी. आता चूक कुठे होते ते पाहा. एक्स-रे फिल्मवर सावली मोठी पडते. फिल्म १५ टक्के मोठी असेल आणि कोणी ती तशीच मोजली, तर ७२ चे ८३ दिसतात आणि फट १०.२ मिमी निघते. पाय एक अंशाहून जास्त वाकडा, तोही उलट बाजूला. म्हणून एक्स-रे काढताना गुडघ्याशेजारी हाडाच्याच पातळीवर ठरलेल्या मापाची धातूची गोळी, बहुधा २५ मिमीची, ठेवलेली असली पाहिजे. एक्स-रे खुब्यापासून घोट्यापर्यंत लांब, दोन्ही पायांवर भार देऊन, वाटी समोर बघत असताना काढलेला हवा. पाऊल बाहेर फिरलेलं असेल तर बाकाचा कोनच चुकीचा येतो. आणि एमआरआय झोपून काढतात, त्यावरून हा कोन कुणी सांगत असेल तर ते मान्य करू नका.

कॉम्प्युटरचा खरा उपयोग इथे आहे. सीटी स्कॅनवरून हाडाचं त्रिमितीय मॉडेल तयार होतं, त्यावर काप आखतात आणि त्या कापाचा, फक्त त्याच माणसाच्या हाडावर बसणारा प्लॅस्टिकचा मार्गदर्शक छापतात, किंवा थिएटरमध्ये नेव्हिगेशन, म्हणजे हाडाची जागा स्क्रीनवर दाखवणारी कॅमेऱ्याची यंत्रणा, वापरतात. समोरून दिसणारा कोन डोळ्यांना कळतो, पण बाजूचा उतार चटकन कळत नाही. नडगीचं हाड मागच्या बाजूला थोडं उतरतं असतं. पाचर पुढे आणि मागे सारखीच उघडली तर हा उतार वाढतो आणि एसीएलवर ताण येतो. म्हणून पुढची फट मागच्या फटीच्या साधारण निम्मी ठेवतात. दुसरी जोखमीची जागा म्हणजे बाहेरच्या कडेला सोडायचं सुमारे १० मिमीचं हाड, तेच बिजागर. करवत तिथे पुढे गेली किंवा फट घाईने उघडली तर बिजागर तडकतं, आणि पाचर डळमळीत होते. फट पातळ छिन्न्या एकावर एक सरकवून सावकाश, मिनिटा-मिनिटाने उघडायची असते; हाडाला ताणायला वेळ द्यावा लागतो. छापलेला मार्गदर्शकही आपोआप अचूक नसतो. त्याच्याखाली हाडावरचा मांसल पापुद्रा एक मिलिमीटर जरी राहिला तरी तो तिरका बसतो आणि काप तिरका जातो.

नेव्हिगेशन कसं चालतं ते सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये सीएनसी चालवणाऱ्या कुणालाही एका वाक्यात कळेल: जॉब झिरो, म्हणजे मापं जिथून धरायची तो बिंदू, चुकला तर पुढचा सगळा प्रोग्राम बरोबर असूनही माल रिजेक्ट जातो. मांडीच्या आणि नडगीच्या हाडात प्रत्येकी दोन पिना बसवून त्यावर चकाकणाऱ्या गोळ्यांचे ट्रॅकर लावतात. इन्फ्रारेड कॅमेरा त्या गोळ्या बघतो. मग पाय खुब्यातून गोल फिरवून खुब्याचं केंद्र शोधतात, घोट्याची दोन्ही टोकं टेकवून दाखवतात आणि गुडघ्याच्या पृष्ठभागावर टोकदार सळईने बरेच बिंदू नोंदवतात. हाच त्यांचा जॉब झिरो, याला रजिस्ट्रेशन म्हणतात. इथे एक चूक हमखास होते. सीटीवरून केलेल्या मॉडेलमध्ये कूर्चा दिसत नाही, फक्त हाड दिसतं. सळईचं टोक कूर्चेवरच टेकून राहिलं तर प्रत्येक बिंदू २–३ मिमी बाहेर नोंदला जातो. स्क्रीनवर चित्र सुरेखच दिसतं, पण सगळं मॉडेल सरकलेलं असतं. म्हणून सळई अणकुचीदार असते आणि ती कूर्चेतून आत हाडापर्यंत टोचायची असते. याउलट मॉडेल एमआरआयवरून केलं असेल आणि त्यात कूर्चेचा पृष्ठभाग धरला असेल तर टोक वरच टेकवायचं. मॉडेल कशावरून केलंय हे सळई धरणाऱ्या माणसाला माहीत असलंच पाहिजे. त्यानंतर सहायकाचं कोपर लागून ट्रॅकर ढिला होणं, गोळीवर रक्ताचा थेंब बसणं, कॅमेऱ्याच्या वाटेत कुणी उभं राहणं, हे रोजचे प्रकार आहेत. त्यासाठी हाडावर एक खूण ठरवून ठेवतात आणि प्रत्येक टप्प्यावर सळई त्या खुणेला टेकवून पाहतात. स्क्रीन एक मिलिमीटरहून जास्त फरक दाखवत असेल तर थांबून रजिस्ट्रेशन पुन्हा करायचं. हे सगळं नीट असलं तर अचूकता एक-दीड मिलिमीटर आणि एक-दोन अंशांच्या आत राहते.

कूर्चेच्या खड्ड्याचं मॉडेल करताना वेगळी अडचण आहे. नेहमीच्या एमआरआयचे काप ३ मिमी जाडीचे असतात. १८ मिमी रुंदीचा खड्डा त्यात फक्त सहा कापांत दिसतो, मधलं सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. रंगीत मॉडेल इतकं गुळगुळीत दिसतं की अंदाज कुठे सुरू झाला ते कळत नाही. अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचे त्रिमितीय सीक्वेन्स घेतले तर तोच खड्डा पंचवीस-तीस कापांत येतो. तुमच्या भावाला पुन्हा एमआरआय करावा लागला तर रेडिओलॉजिस्टला आधीच ‘कार्टिलेज मॅपिंग हवंय’ असं लिहून द्या. त्यात टी-२ मॅपही मिळतो, ज्यावरून खड्ड्याभोवतीची कूर्चा किती पाणावलेली, म्हणजे किती खराब आहे ते कळतं. कडा कुठपर्यंत कापायच्या याचा अंदाज त्यावरून येतो. अंतिम माप मात्र खरवडून झाल्यावरच घ्यायचं, आधी छापून आणलेल्या साच्यावर अवलंबून राहू नये.

आता पेशींचा प्रवास. पहिली शस्त्रक्रिया दुर्बिणीची, छोटी. भार न येणाऱ्या जागेतून, बहुधा खोबणीच्या वरच्या कडेवरून किंवा मधल्या खाचेतून, २०० ते ३०० मिलिग्रॅम कूर्चा काढतात. सुक्या वाटाण्याच्या एका दाण्याचं वजन साधारण तेवढंच. त्याच वेळी मेनिस्कस, एसीएल, समोरची कूर्चा सगळं प्रत्यक्ष बघून घ्यायचं आणि खड्डा मोजायचा. तुकड्यात अंदाजे दोन-तीन लाख पेशी असतात. प्रयोगशाळेत कोलॅजिनेज या एन्झाइमने भोवतालचं जाळं विरघळवून पेशी मोकळ्या करतात आणि पोषक द्रवात वाढवतात. पडद्यावर पेरण्याच्या पद्धतीत दर चौरस सेंमीला ५ ते १० लाख पेशी लागतात. आपला खड्डा ४.७ धरला तर २३ ते ४७ लाख. तीन लाखांचे अठ्ठेचाळीस लाख व्हायला पेशींना चार वेळा दुप्पट व्हावं लागतं. जास्त वेळा दुप्पट केल्या तर काय बिघडतं? सपाट ताटलीवर पसरलेली कूर्चापेशी हळूहळू आपला स्वभाव विसरते. गोल असते ती लांबट होते आणि टाइप २ ऐवजी टाइप १ कोलॅजेन, म्हणजे व्रणातलं कोलॅजेन, बनवू लागते. पेशींची संख्या वाढली पण त्या कूर्चेच्या राहिल्या नाहीत, असा प्रकार होतो. म्हणून लॅब पिढ्या मोजून थांबवते आणि पेशींना पुन्हा त्रिमितीय आधारात ठेवते, जिथे त्यांचा मूळ स्वभाव बऱ्याच अंशी परततो. या सगळ्याला साधारण ३ ते ६ आठवडे लागतात.

आधार वेगवेगळे आहेत. अमेरिकेत डिसेंबर २०१६ मध्ये मान्यता मिळालेल्या मॅसी या उत्पादनात पेशी डुकराच्या कोलॅजेनच्या पडद्यावर पेरलेल्या असतात. युरोपात २०१७ मध्ये मान्य झालेल्या स्फेरॉक्समध्ये पेशींचे बारीक गोळे असतात. भारतात २०१७ साली रुग्णाच्याच कूर्चापेशींच्या उत्पादनाला औषध नियंत्रकांनी मान्यता दिली. इथे पेशी फायब्रिनमध्ये, म्हणजे रक्ताची गुठळी बांधणाऱ्या प्रथिनात, मिसळून जेलच्या रूपात खड्ड्यात भरण्याची पद्धत आहे. वाढवताना गाईच्या वासराचं सिरम किंवा जेंटामायसिन हे प्रतिजैविक वापरलेलं असू शकतं. ॲलर्जी असेल, किंवा प्राण्यांपासूनच्या पदार्थांबद्दल घरच्यांची काही श्रद्धा असेल, तर ते पहिल्या भेटीतच सांगा, पेशी तयार झाल्यावर नको.

दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या दिवशी एक नियम मला फार महत्त्वाचा वाटतो: पेशींची पेटी थिएटरच्या दारात येऊन, लेबलवरचं नाव आणि क्रमांक पेशंटशी जुळवून, लॅबचा दाखला वाचून झाल्याशिवाय भूल देऊ नये. लॅब मुंबईत असेल तर मध्ये कसारा घाट आहे, आणि काही उत्पादनांची मुदत जेमतेम ७२ तासांची असते. दाखल्यावर जिवंत पेशींचं प्रमाण, निर्जंतुकता, एंडोटॉक्सिन (जंतूंचं विष) आणि मायकोप्लाझ्मा (अतिसूक्ष्म जंतू) या चाचण्या असतात. तापमानाचंही तसंच. काही उत्पादनं २ ते ८ अंशांवर ठेवायची असतात, काही खोलीच्या तापमानावर. खोलीच्या तापमानाची पेटी कुणी काळजीपोटी फ्रिजमध्ये ठेवली तरी नुकसानच. लेबल वाचणं एवढाच उपाय.

कोन सुधारणं आणि पेशी एकाच बैठकीत होतात तेव्हा क्रम ठरलेला आहे: आधी काप, पाचर, प्लेट, आणि पेशी अगदी शेवटी. कारण हातोडीचे ठोके आणि गुडघ्याची वाकवावाकवी नव्या पेशींनी सोसायची नसते.

खड्ड्याची तयारी हा या शस्त्रक्रियेतला सगळ्यात नाजूक भाग. कडा उभ्या, काटकोनात कापायच्या. उतरत्या कडेला पडदा धरत नाही आणि पातळ कड नंतर तुटते. तळाशी कूर्चेचा चुनखडीसारखा कडक थर असतो तो खरवडायचा, पण त्याखालच्या हाडाला रक्त फुटता कामा नये. रक्त आलं तर त्यातल्या इतर पेशी आत येतात, तंतुमय ऊती वाढते, आणि साठलेलं रक्त पडदा वर उचलतं. टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायला मांडीला आवळलेला पट्टा, सोडून तळ कोरडा आहे ना ते पाहायचं. ओघळ असेल तर ॲड्रेनॅलिनमध्ये भिजवलेली पट्टी दाबून धरायची. मग टाक्यांच्या दोऱ्याच्या पाकिटातली निर्जंतुक फॉइल खड्ड्यावर दाबून ठसा घ्यायचा, वरची बाजू कोणती ती खूण करायची आणि त्या मापाने पडदा कापायचा. पेशींची बाजू हाडाकडे. उलटा ठेवला तर सगळे आठवडे फुकट जातात, आणि डोळ्यांना फरक पटकन दिसत नाही, म्हणून पडद्याच्या कोपऱ्याला खूण असते. पडदा कडेवर चढू नये. फायब्रिन ग्लू तळाला पातळ लावायचा. जाड थर पेशी आणि हाड यांच्यातच अडसर होतो. सुमारे तीन मिनिटं बोटाने हलकं दाबून धरायचं. जेल असेल तर गुडघा असा वळवून ठेवायचा की खड्ड्याचं तोंड वर येईल. नाहीतर जेल घट्ट व्हायच्या आत ओघळून एका कडेला जमतं. शेवटी गुडघा काही वेळा वाकवून-सरळ करून पडदा जागेवरच आहे ना ते पाहून मगच टाके.

यानंतर दोन गोष्टी करायच्या नाहीत. सांध्याच्या आत ब्युपिव्हॅकेनसारखी बधिर करणारी औषधं सोडायची नाहीत. ती कूर्चापेशींना मारक आहेत. वेदनेसाठी नर्व्ह ब्लॉक, म्हणजे सांध्याबाहेर नसेजवळ बधिर करणारं इंजेक्शन, द्यावा. आणि जोराने ओढणारी ड्रेनची नळी सांध्यात ठेवायची नाही; ती पडदाच ओढते.

पुढचं वर्ष भावाच्या हातात आहे. पहिले सहा आठवडे पेशी नुसत्या वाढत असतात, जेलीसारख्या मऊ. सहा महिन्यांपर्यंत थर भरतो पण कच्चा असतो, त्यानंतर हळूहळू कडक होतो. पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून गुडघा हलवणाऱ्या मशीनवर रोज ६ ते ८ तास, आधी ० ते ४० अंश, चौथ्या आठवड्यापर्यंत ९० अंश. हालचालीनेच पेशींना पोषण मिळतं. भार मात्र पहिले दोन आठवडे शरीराच्या वीस टक्केच: ७० किलोला १४ किलो. ‘हलका टेकवा’ एवढं सांगून भागत नाही. लोक तीस किलो टाकतात आणि त्यांना ते हलकंच वाटतं. घरी वजनकाटा ठेवा, दुसऱ्या पायाखाली त्याच उंचीचा पाट, आणि काटा १४ वर येईपर्यंत उजवा पाय टेकवायची सवय करा. दिवसातून चार वेळा केलं की पायाला अंदाज बसतो. मग दर आठवड्याला भार वाढवत सहा ते आठ आठवड्यांत पूर्ण, एक्स-रेत हाड जुळताना दिसत असेल तर. उकिडवं बसणं, वज्रासन, मांडी घालणं वर्षभर नाही. घरी कमोड नसेल तर शस्त्रक्रियेआधी बसवून घ्या. सप्तशृंगीच्या पायऱ्या किंवा ब्रह्मगिरीची फेरी वर्षभरानंतर, एमआरआय पाहून. धावणं नऊ ते बारा महिन्यांनी.

पहिल्या सहा महिन्यांत गुडघा अचानक अडकला, आत काही निसटल्यासारखं वाटलं तर पडदा सुटल्याची शंका घ्यावी. सहा महिन्यांनंतर कटकट आणि टोचणी सुरू झाली तर बहुधा नवी कूर्चा कडेपेक्षा वर वाढलेली असते. दुर्बिणीतून ती घासून सपाट करता येते, घाबरायचं कारण नाही. पोटरी सुजली, दुखली तर रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा. ताप आणि सूज एकत्र आली तर तासाभराचाही उशीर नको.

तुमच्या वाटेत आणखी एक प्रस्ताव येईल: ‘स्टेम सेलचं इंजेक्शन घ्या, ऑपरेशनच नको’. सांध्यात मोकळ्या सोडलेल्या पेशी साडेचार चौरस सेंमीच्या खड्ड्यात जाऊन आपोआप रचून बसत नाहीत. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नियमित उपचार म्हणून स्टेम सेलला जागा आहे ती रक्ताच्या विकारांत. इतरत्र तो प्रयोग समजावा, आणि प्रयोगासाठी पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. स्वित्झर्लंडच्या बासेलमध्ये नाकाच्या पडद्यातल्या कूर्चापेशींपासून गुडघ्याची कूर्चा तयार केली गेली, पहिल्या १० रुग्णांचा निकाल २०१६ मध्ये छापून आला. मेलबर्नमध्ये हातात धरून पेशींचं जेल भरणारं पेन तयार झालंय, त्याची चाचणी मेंढ्यांवर झाली. दोन्ही कामं आशादायक आहेत, पण भावाने त्यांची वाट पाहत थांबू नये. बाकलेल्या पायावर खड्डा मोठा होत जातो.

डॉक्टरांना विचारा: फट किती मिलिमीटर आणि कोणत्या रुंदीवरून काढली? मॉडेल सीटीवरून की एमआरआयवरून? पेशी किती लाख आणि कितव्या पिढीच्या? लॅबला मान्यता कशाची? पेशी, प्लेट, सॉफ्टवेअर यांचा खर्च वेगवेगळा लिहून घ्या आणि विम्याच्या पूर्वमंजुरीत पेशींचा उल्लेख स्वतंत्र करून घ्या. नाहीतर शस्त्रक्रिया मंजूर होते आणि पेशींचं बिल अंगावर येतं.

राहिला हंगाम. एप्रिलची खरड छाटणी उरकली की मे महिन्यात पहिली दुर्बीण, आणि जूनअखेर दुसरी शस्त्रक्रिया असं बसवलं तर ऑक्टोबर छाटणीपर्यंत तीन महिने मिळतात. त्या छाटणीला भाऊ बांधावर खुर्ची टाकून मजुरांना सांगू शकेल, पण स्वतः वाकून-बसून काम करू शकणार नाही, आणि उजवा पाय ट्रॅक्टरच्या ब्रेकचा असल्याने ट्रॅक्टरही दुसऱ्यानेच चालवायचा. हे आधीच घरात बोलून ठेवा. पावसाळ्याची एकच अडचण आहे: बागेतल्या काळ्या मातीत कुबडी रुतते, निघताना पाय घसरतो आणि सगळा भार नेमका त्या गुडघ्यावर येतो. पहिले आठ आठवडे त्याने फरशीवरच चालायचं, बागेत पाय ठेवायचा नाही. कुबड्यांच्या टोकाचं रबर गुळगुळीत झालं की लगेच बदला.